आरोपी क्रमांक तीन

व्हॅनकाकांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं गावात आता फारसं कुणी उरलेलं नाही. पोरं व्हॅनकाका म्हणतात, पोरांच्या आया व्हॅनकाका म्हणतात, आणि ज्या आया स्वतः लहानपणी त्यांच्याच व्हॅनमधून शाळेत गेल्या, त्यांना दुसरं काही सुचणंच शक्य नाही. पेट्रोलपंपावरचा माणूसही तेच म्हणतो. घरात एकटी आई आहे, ती तेवढी नावानं बोलावते. बाकी ते नाव शाळेच्या हजेरीपटावर आणि गाडीच्या कागदपत्रांवर असतं, आणि काकांना वाटायचं की तेवढ्याच दोन ठिकाणी असतं.

माणूस पन्नाशीचा, सडसडीत, बोलायला कंजूष. सव्वीस वर्षं शाळेची व्हॅन चालवली. अठरा पोरं, अठरा जागा ठरलेल्या. उलटी होणारी खिडकीपाशी. मारामारी करणारी जोडी एक अगदी पुढं आणि एक अगदी मागं. नव्यानं शाळेत घातलेलं रडकं पोर आरशात नीट दिसेल अशा सीटवर. समोरच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशव्या, मोज्यांचा एक जास्तीचा जोड आणि टोक केलेल्या चार पेन्सिली. आणि एक नियम असा, की पोराला उतरवल्यावर घराचं दार उघडून आत मोठं माणूस दिसल्याशिवाय गाडी हलवायची नाही. एकदा एका घराचं दार चाळीस मिनिटं उघडलं नाही, तर काका चाळीस मिनिटं उभे. मागच्या पोरांच्या घरून फोनावर फोन आले, शाळेनं झापलं, काकांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नियम तसाच चालू ठेवला.

असल्या माणसाकडे चांगल्या वागणुकीचा दाखला मागायचा म्हणजे माझ्या मते जरा अतीच झालं. पण शाळांना कधी कशाचा झटका येईल सांगता येत नाही. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी शाळेच्या मोठ्या बाईंनी सगळ्या चालकांना, माळ्याला आणि पहारेकऱ्याला ऑफिसात बोलावलं आणि सांगितलं, की वरून आदेश आलाय. शाळा उघडेपर्यंत प्रत्येकानं पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला आणायचा. तीन आठवडे आहेत. दाखल्यावर कसलीही नोंद असली, अगदी केव्हाचीही, तरी कामावर घेता येणार नाही. बोलता बोलता बाईंनी काकांकडे बघून हसून घेतलं. तुमचं काय, तुमची नुसती औपचारिकता, असं त्या म्हणाल्या.

काकांनी लगेच दुसऱ्या दिवशी अर्ज भरला. कधी गुन्हा दाखल झाला आहे काय, या प्रश्नापुढं ठसठशीत ‘नाही’ लिहिलं आणि सुट्टीची कामं काढली. ब्रेक बघितले, सीटची फाटलेली कव्हरं शिवून आणली. आठव्या दिवशी दाखला आणायला गेले, तर खिडकीतल्या पोलीसबाईनं दाखल्याऐवजी एक चिठ्ठी सरकवली. चिठ्ठीवर ‘नोंद आढळली’ एवढेच दोन शब्द.

काका हसले. ते क्वचित हसतात, पण तेव्हा हसले. पोलीसबाईनं संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. नाव त्यांचं, वडिलांचं नाव बरोबर, आडनाव बरोबर, जुन्या घराचा पत्ता अगदी खोली नंबरासकट बरोबर. एकतीस वर्षांपूर्वीची गोदामफोडी. शिक्षा झालेली. काका म्हणाले, हा मी नव्हे. ती म्हणाली, सगळे असंच म्हणतात. पण ती वाईट नव्हती. तिनं समजावून सांगितलं, की इमारत बदलताना जुनी दप्तरं गहाळ झाली, इथं आता ही एक ओळ तेवढी आहे, आणि त्या ओळीत खटल्याचा नंबरसुद्धा उतरवून घेणाऱ्यानं गाळलाय. मूळ फाईल असलीच तर कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये असेल. ती शोधायची, नक्कल काढायची, चूक दाखवून द्यायची. चूक आम्ही खोडू, म्हणाली, पण शोधायची तुम्ही.

कोर्टाची रेकॉर्ड रूम मागच्या अंगाला, आठ पायऱ्या उतरून खाली. खिडकी नाही. छतापर्यंत मांडण्या आणि त्यांवर जाड कापडात बांधलेले गठ्ठे, वर्षांच्या पाट्या लावलेले. त्या सगळ्या राज्याची मालकीण म्हणजे नाकाला रुमाल बांधलेली एक बाई. तिला वकील रेकॉर्डबाई म्हणतात. तिला उंदरांचा राग, ओल्या छत्रीचा राग आणि ‘पटकन बघून द्या’ म्हणणाऱ्या वकिलांचा सगळ्यात जास्त राग. काकांनी मात्र पटकनची भाषा केली नाही, आणि तिथंच तिचं मत जरा बरं झालं असावं.

तिनं जे सांगितलं ते ऐकून घोडं कुठं अडलंय ते काकांना कळलं. इथल्या सूचीत फक्त पहिल्या आरोपीचं नाव असतं. पहिला कोण ते नीट लिहायचं आणि पुढं ‘व इतर’ म्हणून मोकळं व्हायचं, ही पूर्वीपासूनची पद्धत. म्हणजे माणूस पहिल्या नंबरचा आरोपी असेल तर अर्ध्या तासात सापडतो, दुसरा-तिसरा असेल तर पुढं कोण होतं ते ठाऊक असावं लागतं.

“तुमचं नाव सूचीत नाही. म्हणजे तुम्ही इतरांत. सोबत कोण कोण होतं?” तिनं विचारलं.

“मी नव्हतोच, तर सोबत कोण असणार?”

“मग अवघड आहे,” रेकॉर्डबाई म्हणाली, आणि ते तिला खरोखरच अवघड वाटत होतं.

शेवटी तिनं त्या वर्षाच्या आणि पुढच्या दोन वर्षांच्या नोंदवह्या काढून दिल्या. हात दिसतील अशा जागी एक स्टूल ठेवलं, काकांचा पेन काढून घेतला आणि सांगितलं, वाचा. ओळखीचं नाव दिसलं की सांगा, मी फाईल काढते. मला दोनच हात आहेत.

काकांनी चार दिवस वाचलं. सकाळी दहाला जायचं, पाचला बाहेर पडायचं. गावात इतकं काय काय घडून गेलंय याचा त्यांना पत्ताच नव्हता. ज्या शिंप्याकडे ते पॅंट शिवतात, त्यानं तरुणपणी एका गिऱ्हाइकाचं डोकं गजानं फोडलं होतं. शाळेत गणित शिकवायला होते ते शिस्तीचे सर दुसऱ्याच्या भिंतीचं दार रातोरात बुजवल्याबद्दल पकडले गेले होते. औषधाच्या दुकानातला तो देवमाणूस, ज्याच्याशिवाय आईचं पान हलत नाही, तो भेसळीत होता आणि सुटला होता. आधी काकांना मजा वाटली. दुसऱ्या दिवशी वाटेनासी झाली. संध्याकाळी घरी जाताना औषधवाल्यानं नेहमीसारखा हात केला, तर काकांनी मान खाली घातली. दुसऱ्यांच्या घरात चोरून डोकावल्यासारखं त्यांना झालं, आणि मग लक्षात आलं, की आपलं नावही यातल्याच कुठल्या तरी पानामागं आहे आणि कुणीही स्टुलावर बसून ते वाचू शकतं.

पाचव्या दिवशी सकाळी दुसऱ्या वहीच्या मधोमध एक नाव आलं आणि त्यापुढं ‘व इतर तीन’. ते नाव सायकलवाल्याचं होतं, बसस्टँडसमोर ज्याचं दुकान आहे त्याचं. काकांची आणि त्याची कधी दोस्ती नव्हती. दोस्ती होती ती काकांच्या थोरल्या भावाची, दादाची. त्या काळात दादा आणि सायकलवाला एका ताटात जेवायचे. त्यांनी बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवलं आणि मग रेकॉर्डबाईला हाक मारली.

फाईल फार मोठी नव्हती. चार पोरांनी गोदामाचं कुलूप तोडून तांब्याच्या तारेची भेंडोळी पळवली, दुसऱ्या दिवशी विकायला गेली आणि पकडली गेली. गुन्हा कबूल, वय लहान, म्हणून दंड आणि वर्षभर चांगल्या वागणुकीची हमी. आरोपी क्रमांक तीन म्हणून काकांचं नाव होतं. वय एकोणीस, धंदा काही नाही. खाली सही. नाव काकांचं, पण सहीखाली दोन रेघा आणि रेघांच्या टोकाला एक टिंब. अशी सही सबंध घरात एकटा दादा करायचा. साहेब होणाराची सही आहे, म्हणायचा. दुसऱ्याच्या नावानं सही करताना नाव बदलता आलं, पण हात रेघा मारून मोकळा झाला.

खरं सांगायचं तर काकांना तेव्हा रागाच्या आधी हायसं वाटलं. चूक सापडली. पकडला गेल्यावर दादानं घाबरून धाकट्याचं नाव ठोकून दिलं, दादा तो दादाच, असं म्हणून त्यांनी पान उलटलं.

पुढचं पान जामिनाचं होतं. अक्षर वडिलांचं. काकांचे वडील बाजारातली वजनमापं तपासायच्या खात्यात होते. तागडीखाली चिकटवलेला चिंचोका ते लांबून ओळखायचे आणि दुकानदार त्यांना बघून वजनं पुसायला घ्यायचे. घरात कुणी वाढवून सांगितलेलं त्यांना खपायचं नाही. त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: ‘मी आरोपी क्रमांक तीन याचा बाप असून त्याला जन्मापासून ओळखतो. तो माझा धाकटा मुलगा आहे.’ खाली सही, तारीख.

काकांनी तारीख पाहिली आणि पुन्हा पाहिली. त्याच दिवशी सकाळी वडिलांनी त्यांना एसटीत बसवून मावशीच्या गावी पाठवलं होतं. मावशीला बरं नाही, महिनाभर राहून ये, असं सांगून. मावशी ठणठणीत होती. तू कसा काय वाट चुकलास, म्हणून तिनं विचारलं होतं. काकांनी ते परत येऊन सांगितल्यावर वडील म्हणाले होते, बरी झाली असेल.

फाईलच्या पुठ्ठ्याला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली असते. फाईल कुणी, कधी आणि कशासाठी पाहायला मागितली ते त्यावर लिहितात. ही रेकॉर्ड रूमची शिस्त, मालकीण कुणीही असो. काकांच्या फाईलच्या चिठ्ठीवर एकतीस वर्षांत तीन नोंदी होत्या. पहिली परिवहन खात्याची, कारण: नोकरी पडताळणी. काका तेविसाव्या वर्षी त्या खात्याच्या परीक्षेत पास झाले होते, गाडी चालवून दाखवली होती, आणि नेमणुकीचं पत्र काही आलं नव्हतं. वशिला लागतो, असं तेव्हा सगळे म्हणाले आणि काकांनीही नशिबाला बोल लावून तो विषय सोडला. दुसरी नोंद तीन वर्षांनंतरची, कारण: खासगी. सही एका गृहस्थांची, ज्यांच्या मुलीशी काकांचं लग्न ठरलं होतं. दोन्हीकडची माणसं हो म्हणाली होती, तारीख तेवढी काढायची होती. त्या घरानं एकाएकी निरोप पाठवला की जमणार नाही, कारण विचारू नका. काकांनी विचारलं नाही. पुन्हा कुठं मुलगी पाहायलाही गेले नाहीत.

तिसरी नोंद त्यानंतर अकरा दिवसांची. नाव वडिलांचं. कारणाच्या रकान्यात ‘नावात दुरुस्ती’ असं लिहून त्यावर रेघ मारलेली. वेळ: तीन ते चार वाजून पाच.

म्हणजे एक तास पाच मिनिटं ते याच खोलीत बसून होते, आणि मग रेघ मारून उठले. काकांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. सबंध आयुष्य आपल्याला वाटत होतं की आपण साधे आहोत, कमी पडतो, म्हणून गोष्टी हुकतात. आणि इथं कोर्टाच्या तळघरात चार इंच रुंद कागदावर सगळा हिशोब तारीखवार मांडून ठेवला होता. त्यांना मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. त्यांनी रेकॉर्डबाईकडे पाणी मागितलं.

रेकॉर्डबाईनं एव्हाना फाईल वाचली होती. ती तिची सवयच. ती म्हणाली, “नुसती चूक असती तर सोपं होतं. ही चूक नाही, हे कुणीतरी लिहून दिलंय. इथल्या कोर्टाच्या अधीक्षकांकडे अर्ज करा. ते चौकशी लावतील. पण तेव्हाचं ठाऊक असलेलं आणि येऊन सांगणारं माणूस लागेल. जामीनदार?”

“वारले.”

“खरा आरोपी?”

काकांनी फाईल मिटली.

“त्याला विचारा आधी,” ती म्हणाली आणि नकलेचा कागद शिक्का मारून दिला.

सायकलवाल्यानं तर ताकास तूर लागू दिली नाही. कसलं गोदाम, कसली तार, असं म्हणून तो पंक्चर काढायला बसला. मग काका दादाकडे गेले. दादा पाणीपुरवठ्यात साहेब आहे, कुंड्या मांडलेल्या बंगलीत राहतो. त्यानं नक्कल वाचली, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. म्हणाला, पकडलं त्याच आठवड्यात माझ्या नेमणुकीचा कागद आला होता, बाबा म्हणाले तसं केलं. पुढं म्हणाला, मला वाटायचं बाबांनी तुला सांगितलं असेल आणि तू मोठ्या मनानं गप्प बसलायस. हे तो खरंच मानत होता की त्याच्या सोयीचं होतं, ते काकांना ठरवता आलं नाही.

“निवृत्तीला माझे चौदा महिने राहिलेत,” दादा म्हणाला. “आता हे बाहेर आलं तर सगळं जाईल, घरसुद्धा. चौदा महिने कळ काढ. मग तू म्हणशील त्या कागदावर सही करतो.”

शाळा उघडायला सहा दिवस होते. काकांनी तसं सांगितलं. दादा म्हणाला, बघू काहीतरी करू. दारापर्यंत पोचवायला आला तेव्हा खांद्यावर हात ठेवून म्हणाला, आईला यात ओढू नकोस, तिचं वय झालंय.

पण काकांना आई सोडून होतं कोण? घरी आई भाजी निवडत बसली होती. काकांनी समोर बसून सगळं सांगितलं, न थांबता. इतकं बोललेले तिनं त्यांना कधी ऐकलं नसेल. तिनं वर पाहिलं नाही. तिचे हात मात्र थांबले.

“त्याला नोकरीचा कागद आला होता,” ती म्हणाली. “तुझं तेव्हा काहीच नव्हतं.”

“आणि नंतर? माझी नोकरी गेली तेव्हा? लग्न मोडलं तेव्हा?”

“नंतर काय, नंतर होऊन गेलेलं होतं.”

काकांनी चिठ्ठीवरच्या नोंदी तिला वाचून दाखवल्या. वडिलांच्या नोंदीपाशी तिनं तारीख पुन्हा विचारली. त्या दिवशी ते जेवले नव्हते, म्हणाली. ताट वाढलेलं तसंच राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यापाशी म्हणाले, एकाला वाचवायला दुसऱ्याचं नाव दिलं, आता दुसऱ्याला वाचवायला पहिल्याला कसा बुडवू. त्यानंतर या घरात तो विषय निघाला नाही. काकांना तिचा इतका राग आला की ते उठून उभे राहिले, आणि उभं राहून काय करायचं ते न कळल्यामुळं तसेच उभे राहिले.

मग आई म्हणाली, “मी येते तुझ्याबरोबर. मी सांगते त्यांना, काय होतं ते. माझं आता काय राहिलंय.”

पन्नास वर्षांचा माणूस व्हॅन धुवायच्या निमित्तानं मागं गेला आणि पाण्याचा नळ मोठा सोडून रडला. त्याला दादाचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा. पण दादाकडे बंगली होती, साहेबी होती, बायकोपोरं होती. त्याच्याकडे अठरा पोरं होती, ती पण सकाळी साडेसात ते दुपारी दोन. तेवढी जाऊ नयेत, इतकंच त्याला हवं होतं.

चौकशी शाळा उघडायच्या आदल्या दिवशी लागली. आईनं ठेवणीतले कपडे घातले, केस नीट बांधले. व्हॅनमध्ये ती पुढच्या सीटवर बसली. कोर्टाच्या पायऱ्यांवर तिला दम लागला, तेव्हा ते प्रत्येक पायरीवर थांबले.

अधीक्षकांची खोली वरच्या मजल्यावर, भरपूर उजेडाची. टेबलाशी अधीक्षक, बाजूला टंकलेखक, आणि भिंतीला पाठ लावून फाईल छातीशी धरलेली रेकॉर्डबाई. तिनं त्या दिवशी रुमाल बांधला नव्हता. काकांनी तिचं तोंड पहिल्यांदा पाहिलं. अधीक्षक सज्जन होते. आजी, घाबरायचं कारण नाही, म्हणाले. आई घाबरलेली दिसतच नव्हती. अधीक्षकांनी समजावलं, की तुमच्या धाकट्या मुलाचं म्हणणं आहे, या खटल्यातला आरोपी क्रमांक तीन म्हणजे तो नव्हे. तुम्हाला काय ठाऊक आहे ते सांगा, हे गृहस्थ लिहून घेतील.

आईनं कागद बघायला मागितला.

रेकॉर्डबाईनं जामिनाचं पान उघडून तिच्यापुढं ठेवलं. आईनं चष्मा लावला आणि ओळींखालून बोट फिरवत वाचायला लागली. दोनच वाक्यं होती, पण तिला खूप वेळ लागला. सहीपाशी बोट थांबलं. मग तिनं अंगठ्यानं सहीवरून हलकेच पुसलं, फोटोवरची धूळ पुसावी तसं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती आणि त्याचं अक्षर तिनं तेवढ्या वर्षांत पाहिलं नसावं.

“ही सही ओळखता का?” अधीक्षकांनी विचारलं.

“यांची आहे.”

“आणि वर जे लिहिलंय ते?”

टंकलेखकाची बोटं वाट बघत होती. आईनं चष्मा काढला, मिटून ठेवला.

“साहेब, या माणसानं उभ्या आयुष्यात खोटं माप लिहिलं नाही,” ती म्हणाली. “बाजारात कुणालाही विचारा. अजून नाव काढतात.”

“ते खरंच असेल. पण मला एवढंच सांगा. हा तिसरा आरोपी कोण होता?”

आईनं काकांच्या दंडावर हात ठेवला.

“हा,” ती म्हणाली. “माझा धाकटा.”

रेकॉर्डबाईनं झटकन वर पाहिलं. अधीक्षक काकांकडे वळून म्हणाले, तुम्हाला काही विचारायचंय का त्यांना? विचारण्यासारखं पुष्कळ होतं. ठणठणीत मावशी होती, सहीखालच्या दोन रेघा होत्या, पाच दिवसांपूर्वी भाजी निवडता निवडता तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं होतं. सगळं काकांच्या ओठांवर आलं. पण आईचा हात दंडावर तसाच होता. आता एक शब्द बोललो तर हिला खोटं पाडावं लागणार, तो माणूस ते टाइप करणार, तेही याच फाईलला शिवलं जाणार, आणि खाली आठ पायऱ्या उतरून कुणीही स्टुलावर बसून ते वाचणार. वडिलांना जे त्या एक तास पाच मिनिटांत जमलं नव्हतं, ते आपल्यालाही जमत नाही, हे काकांना कळलं आणि त्यांना वडिलांचा भयंकर राग आला.

“नाही,” ते म्हणाले. “आई म्हणते ते बरोबर आहे.”

अर्ज निकाली निघाला. आईनं सही केली, खाली काकांनी केली. रेकॉर्डबाईनं कागद सरळ केला, फाईलमध्ये लावला आणि फाईल बांधायला घेतली. तिच्या हातून गाठ दोनदा सुटली. दाराकडे जाताना काका तिच्या जवळून गेले, तेव्हा तिनं दार उघडून धरलं.

खाली येऊन काकांनी आईला व्हॅनमध्ये बसवलं, तिचा पट्टा लावून दिला आणि दार नीट लागलंय ना ते ओढून पाहिलं. मागं अठरा सीटवर नवी शिवलेली कव्हरं होती. ते आपल्या जागेवर येऊन बसले, पण किल्ली फिरवायची राहून गेली.

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा कित्येक दिवसांत इतका निवांत दिसला नव्हता.

“उद्यापासून दुपारचा तू घरीच असशील ना?” ती म्हणाली. “मग आपण बरोबरच जेवत जाऊ. इतकी वर्षं मी दुपारची एकटीच जेवते.”

“हो,” काका म्हणाले आणि त्यांनी गाडी सुरू केली.